जाळीच्या पाठीची ऑफिस खुर्ची: काही महिने वापरल्यानंतर, आणि मुख्यतः आर्मरेस्टबद्दल

गॅस लिफ्ट (बैठक वर-खाली करणारा सिलिंडर) गेली म्हणून लिहायला घेतलं, पण खुर्चीचा खरा दोष आर्मरेस्टमध्ये आहे. जाळी, टिल्ट, लंबर सपोर्ट (कमरेचा आधार) यांचं कौतुक सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खोटं नाही. पाठ उत्तम राहते. मनगट आणि खांद्याचं मात्र कुणी लिहीत नाही.

आर्मरेस्टची कमीत कमी उंची बैठकीपासून 20 सेंमी दिली आहे. टेप लावला तर तेवढीच भरते, पण रिकाम्या खुर्चीवर! माणूस बसला की फोम तीनेक सेंमी दबतो, म्हणजे प्रत्यक्षात 23. मध्यम उंचीच्या माणसाचं कोपर बसल्यावर बैठकीपासून साधारण 20 ते 22 सेंमीवर येतं. थोडक्यात, दिवसभर खांदे उचललेले. सुरुवातीला हे जाणवत नाही, आणि तेव्हा विचारलं असतं तर ही खुर्ची बिनधास्त घ्या असंच सांगितलं असतं. फोम जुना होऊन बसत गेला की फरक वाढतो.

त्यात ऑफिसातलं टेबल 75 सेंमीचं. बुटक्या माणसाला कोपर टेबलाच्या पातळीला आणायला बैठक दबलेल्या फोमसकट 53 पर्यंत चढवावी लागते (पायाखाली पाट किंवा फूटरेस्ट हवाच). मग आर्मरेस्ट जातात 76 वर आणि खुर्ची टेबलाखाली सरकतच नाही. माणूस बैठकीच्या कडेवर येऊन माऊसकडे हात लांबवतो. ज्या लंबर सपोर्टसाठी पैसे मोजले, त्याला पाठ टेकतच नाही.

उपाय फुकट आहे: आर्मरेस्ट काढून टाका. प्रत्येक बाजूला खालून तीन बोल्ट, 5 किंवा 6 एमएमची अ‍ॅलन की. तेच बोल्ट परत लावू नका. आर्मरेस्टची मधली पट्टी गेल्यामुळे ते खोल जाऊन फोममध्ये घुसतात. छोटे बोल्ट लावा किंवा भोकं मोकळी सोडा. काही स्वस्त खुर्च्यांत पाठ आणि बैठक आर्मरेस्टनेच जोडलेली असते, तिथे हे जमत नाही. ही खुर्ची तशी नाही, आणि माझं मत परत चांगलं झालं ते एवढ्यावरच.

आता गॅस लिफ्ट. ती एकदम खाली बसत नाही, सील गळतं आणि बैठक दिवसभरात हळूहळू उतरते. कोपर टेबलाच्या खाली जातं, मनगट वर वळतं, टेबलाची कड तळव्याच्या मुळाशी रुतते. सकाळी बसून जमिनीपासून बैठकीची उंची मोजा, लिव्हरला हात न लावता संध्याकाळी पुन्हा. दोनेक सेंमी फरक म्हणजे सिलिंडर गेला. सर्व्हिसवाल्यांनी आधी व्हिडिओ मागितला, मग वजनाच्या मर्यादेचा मुद्दा काढला. एवढ्याशा भागासाठी ही टोलवाटोलवी संतापजनक आहे. बाहेर तो साध्या किमतीत मिळतो: खाली 50 एमएम, वर 28 एमएमचा निमुळता. खुर्ची उलटी करा, क्लिप काढा, बेस रबरी हातोड्याने ठोकून सोडवा, वरचा भाग पाइप पान्याने फिरवा. नवा बसवताना तेल लावू नका. जुना कापू, तापवू किंवा भोसकू नका. आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

ऑफिसची खुर्ची असेल तर आणखी एक काम करा, ते जवळजवळ कुणीच करत नाही. मोडक्या खुर्चीच्या तक्रारीचं तिकीट अ‍ॅडमिनकडे जातं, खुर्ची बदलते, तिकीट बंद होतं, आणि दुखण्याची नोंद कुठेच राहत नाही. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाना अधिनियमातल्या, सरकारला कळवायच्या आजारांच्या अनुसूचीतही टायपिंगची दुखणी नव्हती, त्यामुळे तुमची मेल हाच पुरावा. एचआरला वेगळी मेल करा: कधीपासून, कोणता हात, रोज किती तास, टेबल-बैठक-आर्मरेस्टची मापं, बाजूने काढलेला फोटो. बोटांची नावं लिहा. अंगठा, तर्जनी, मधल्या बोटाला मुंग्या आणि रात्री जाग येणं हे मनगटातल्या मीडियन नर्व्हकडे बोट दाखवतं. करंगळी बधिर होत असेल तर अल्नर नर्व्ह, जी कडक आर्मरेस्टवर कोपर टेकून दबते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात कळ येते ती वेगळी, कंडराची (टेंडनची). डॉक्टरांच्या कागदावर कामाचं स्वरूप लिहून घ्या, आणि मेलला उत्तर आलं नाही तर त्याच मेलवर पुन्हा लिहा, नवी सुरू करू नका.