नौपाड्यातला श्रद्धा आणि विज्ञान कोर्स : पैसे वसूल, शेवटचा रविवार सोडून

आधी सरळ माहिती देतो कारण मी जायच्या आधी खूप शोधलं आणि कुठेच धड काही मिळालं नाही. ठाणे स्टेशनला वेस्टला उतरायचं, नौपाड्यात चालत दहा-बारा मिनिटं, एका सोसायटीचा पहिल्या मजल्यावरचा हॉल, लिफ्ट नाही. महिनाभर दर रविवारी सकाळी साडेनऊ ते साडेबारा, फी बाराशे, त्यात चहा-बिस्किटं आणि झेरॉक्स नोट्स. शिकवायला दोघं आहेत, एक रिटायर्ड फिजिक्सचे प्राध्यापक ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, आणि दुसरे वसईकडचे एक फादर. आणि हो, लोकांना पहिली शंका हीच येते म्हणून सांगून टाकतो, कोणी कोणाला धर्म बदलायला सांगत नाही. माझ्या शेजारी एक जोशी काका रोज गंध लावून बसायचे आणि फादरशी सगळ्यात जास्त गप्पा त्यांच्याच.

विषय काय, तर ख्रिस्ती माणूस म्हणतो देवाने आपणहून प्रकट होऊन सांगितलं म्हणून आम्हाला हे माहीत आहे, सायन्सवाला म्हणतो मी तपासून बघितलं म्हणून मला माहीत आहे, आता ही दोन्ही ज्ञानं एका जातीची आहेत का आणि त्यांचं एकमेकांशी काय नातं. मी रबाळ्याला एका फार्मा कंपनीत क्यूसीला, म्हणजे औषधांचा दर्जा तपासायला आहे, दिवसभर स्टँडर्ड लावा, ब्लँक (म्हणजे तपासायचा पदार्थ न घातलेला कोरा नमुना) चालवा, रीडिंग घ्या, देवाधर्माचं म्हणाल तर गणपतीला गावी जातो तेवढंच. त्यामुळे मी गेलो तो सरांसाठी, पण खरं सांगायचं तर कोर्स फादरनी खाल्ला.

फादरनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट केली जी मला आयुष्यात कोणी सांगितली नव्हती. चर्चच्या हिशोबाने प्रकटीकरण दोन प्रकारचं. एक सगळ्यांसाठी उघडं, म्हणजे सृष्टी बघून बुद्धीच्या जोरावर देव आहे एवढं कळू शकतं, हे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १८७० मध्ये अधिकृतपणे मांडलं. दुसरं खास, म्हणजे देव इतिहासात येऊन कृतीतून आणि शब्दांतून स्वतःची ओळख करून देतो, त्याचा कळस म्हणजे येशू. यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा १९६५ चा दस्तऐवज आहे आणि त्यात म्हटलंय की आता येशू परत येईपर्यंत नवीन सार्वजनिक प्रकटीकरण होणार नाही. म्हणजे खातं बंद. नंतर कोणाला दर्शन वगैरे झालं तर ते खासगी, चर्चने मान्यता दिली तरी ते मानलंच पाहिजे अशी कॅथलिक माणसावर सक्ती नाही. हे ऐकून मला जरा धक्काच बसला कारण मला वाटायचं की लूर्दची माउली, म्हणजे तिथे दर्शन दिलेली मरिया, वगैरे सगळं एकाच पॅकेजमध्ये येतं.

लूर्दवर मग अर्धा तास गेला आणि तो पूर्ण कोर्समधला माझा आवडता अर्धा तास. फ्रान्समधलं लूर्द, १८५८, बर्नादेत नावाची गरीब घरातली मुलगी, गुहेपाशी दर्शनं. तिथे १८८३ पासून डॉक्टरांचं एक कार्यालय आहे, कुठल्याही धर्माचा किंवा अजिबात धर्म न मानणारा डॉक्टर तिथे जाऊन केस बघू शकतो. आजार गंभीर असला पाहिजे, निदान पक्कं पाहिजे, बरं होणं अचानक आणि पूर्ण पाहिजे, टिकलं पाहिजे आणि उपचारांनी त्याचा खुलासा होता कामा नये. सात हजारांच्या वर केसेस नोंदल्या गेल्या आणि चमत्कार म्हणून मान्यता मिळाली ती सत्तरच्या आसपास लोकांना. आणि इथे बघा, डॉक्टर चमत्कार हा शब्द वापरतच नाहीत, ते फक्त एवढंच लिहून देतात की आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचं स्पष्टीकरण देता येत नाही, पुढचा शिक्का बिशप मारतो. क्यूसीवाल्याला हे लगेच कळतं, आम्ही रिझल्ट देतो, बॅच रिलीज करणारा वेगळा असतो. फक्त सरांनी लगेच टोकलं ते पण बरोबरच होतं, की स्पष्टीकरण नाही आणि स्पष्टीकरण देव आहे या दोन वाक्यांच्या मधे एक उडी आहे आणि ती उडी डॉक्टर मारत नाही, बिशप मारतो. फादर म्हणाले, हो, मारतो, आणि ती श्रद्धेचीच आहे असं आम्ही सांगूनच मारतो.

सरांचं शिकवणं थोडं कोरडं सुरू झालं, विज्ञानाच्या पद्धतीवर बेकनचं पुस्तक १६२०, पॉपरचं १९३४, फळ्यावर तारखाच तारखा, मागच्या रांगेत दोन पोरं मोबाईलवर मॅच बघत होती. पण मग त्यांनी ल व्हेरिये या खगोलशास्त्रज्ञाचा किस्सा काढला आणि हॉल जागा झाला. युरेनस आपल्या कक्षेत जरा चुकत होता, या फ्रेंच माणसाने कागदावर गणित करून सांगितलं की पलीकडे एक न दिसलेला ग्रह आहे आणि तो अमुक ठिकाणी बघा. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनमध्ये गाले यांनी दुर्बीण लावली आणि सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून सापडला. टाळ्या. मग बुध पण चुकत होता, शंभर वर्षांत साधारण ४३ विकला (एका अंशात ३६०० विकला) एवढासा फरक. याच माणसाने त्याच डोक्याने १८५९ मध्ये सांगितलं की सूर्याजवळ अजून एक ग्रह असणार, त्याला व्हल्कन नाव पण पडलं, आणि एका हौशी निरीक्षकाने आपण तो पाहिला असं सांगितलं सुद्धा! पण पुन्हा पुन्हा बघून तो काही सापडेना, आणि शेवटी १९१५ मध्ये आइनस्टाइनने दाखवलं की तिथे ग्रहच नको, गुरुत्वाकर्षणाचा नियमच दुरुस्त करायला हवा. तोच माणूस, तीच युक्ती, एकदा सुपरहिट आणि एकदा सपशेल आपटी. सर म्हणाले सायन्सची पद्धत म्हणजे हुशार माणसं नव्हेत, हुशार माणसाला त्याचं नाव न बघता खोटं पाडता येण्याची सोय. हे वाक्य मी तिथेच नोट्सच्या मागे लिहून घेतलं.

पास्काल या फ्रेंच गणितज्ञ-शास्त्रज्ञावर दोघांनी मिळून जे घेतलं त्यासाठी पूर्ण बाराशे दिले तरी चालतील. १९ सप्टेंबर १६४८ ला पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पारा भरलेली नळी घेऊन पुय द दोम डोंगरावर चढला, वर गेल्यावर पाऱ्याची उंची तीन इंचांनी कमी भरली, हवेला वजन असतं आणि वर ते कमी होतं हे त्यातून दिसलं. मला भारी वाटलं ते म्हणजे दुसरी नळी त्यांनी खाली गावातच ठेवली होती, मठाच्या आवारात, आणि एक धर्मबंधू दिवसभर तिच्याकडे बघत बसला होता, ती हलली नाही. म्हणजे चक्क कंट्रोल सँपल, तुलनेसाठी तसाच ठेवलेला नमुना, आणि तेही साधू माणसाच्या ताब्यात! आता हाच पास्काल, २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री सुमारे दोन तास त्याला असा काही अनुभव आला की त्याने कागदावर तारीख-वेळेखाली अग्नी असं लिहिलं, आणि देव कोणता तर अब्राहामाचा, इसहाकाचा, याकोबाचा, तत्त्वज्ञ आणि पंडितांचा नव्हे. त्याची नोंद त्याने कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली, १६६२ मध्ये तो गेल्यावर नोकराला सापडली. फादर म्हणाले, या रात्रीसाठी त्याने दुसरी नळी ठेवली नाही कारण ठेवता येत नाही. लग्नाला हो म्हणणाऱ्या नवरीला तुम्ही विचारत नाही की आधी तीन जणांसमोर हेच वाक्य परत बोलून दाखव. सगळे हसले, पण सर हसले नाहीत, म्हणाले ठीक आहे, पण मग ज्याला ती रात्र आली नाही त्याने काय करायचं? फादर थोडं थांबले आणि म्हणाले, त्याने साक्षीदार कसा आहे ते बघायचं. माझ्या मते अख्ख्या कोर्सचा गाभा इथे आहे. पारा नाही म्हणू शकत नाही, डोंगरावर शंभर वेळा नेला तरी शंभर वेळा खाली उतरेल, पण समोरचा कोणी बोलणारा असेल तर तो गप्प बसू शकतो, आणि मग परत करून दाखव म्हणायचा हक्क कोणाकडे आहे यावरून दोन पद्धती वेगळ्या होतात.

बरं बायबलमध्ये पण हा वाद आहेच हे मला नवीन होतं. गिदोन नावाचा माणूस देवाला म्हणतो, मी खळ्यात लोकर ठेवतो, सकाळी फक्त लोकरीवर दव पडू दे आणि जमीन कोरडी राहू दे. तसं होतं. पण गडी समाधानी नाही, दुसऱ्या रात्री उलटं मागतो, लोकर कोरडी आणि जमीन ओली. कारण लोकर दव धरूनच ठेवते ना, पहिल्या रिझल्टवर शंका घ्यायला जागा होती! मी तर खुर्चीवरून उडालोच, हे आमच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, घालण्यासारखं आहे. आणि त्याच बायबलमध्ये दुसरीकडे देवाची परीक्षा पाहू नका असं पण बजावलंय, येशू सैतानाला तेच ऐकवतो. फादरनी हे मिटवायचा प्रयत्न केला, पण मला ते नीट मिटलेलं वाटलं नाही.

परीक्षा खरंच घेतली गेली त्याची पण गोष्ट सरांनी सांगितली. अमेरिकेत बायपासच्या १८०२ पेशंटवर एक ट्रायल झाली, रिझल्ट २००६ मध्ये छापून आला. तीन गट केले, दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, त्यातल्या एका गटासाठी झाली आणि एकासाठी नाही, आणि तिसऱ्याला सांगितलं की नक्की होणार आणि झाली. न सांगता प्रार्थना झालेल्यांत गुंतागुंत ५२ टक्के, न झालेल्यांत ५१, आणि ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांच्यात ५९. काही लोकांनी यावर फिदीफिदी केलं ते मला आवडलं नाही. माहीमहून येणाऱ्या एक काकू होत्या, त्या शांतपणे म्हणाल्या, सर, त्या पेशंटच्या घरच्यांनी पण प्रार्थना केलीच असणार ना, ती कशी थांबवली? सर म्हणाले थांबवली नाही, थांबवता आलीच नसती. झालं, आमच्या भाषेत ब्लँकच दूषित. काकूंना माझ्याकडून पाच स्टार.

आता तक्रार. शेवटच्या रविवारी दोघांनी मिळून समारोप केला आणि तो असा की विज्ञान ‘कसं’ ते सांगतं, श्रद्धा ‘का’ ते सांगते, दोन वेगळी खाती, एकमेकांच्या केबिनमध्ये जायचं नाही, चला चहा घ्या. अहो इतके दिवस तुम्हीच आम्हाला दाखवलंत की हे इतकं सोपं नाही! ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगीकारात, म्हणजे सगळे मिळून म्हणतात त्या कबुलीत, येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलात या रोमन सुभेदाराचं चक्क नाव आहे, म्हणजे तारीख-वार असलेल्या घटनेचा दावा आहे. येशूचा सुरुवातीचा प्रचारक पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पहिल्या पत्रात लिहितो की पाचशेच्या वर लोकांनी मेलेल्यातून उठलेल्या येशूला एकाच वेळी पाहिलं, त्यातले बरेच अजून जिवंत आहेत, आणि येशू उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. हा माणूस स्वतःहून सांगतोय की माझा दावा कुठे मोडेल, आणि तुम्ही त्याला ‘का’वाल्या खात्यात बसवून मोकळे? पटो न पटो, मला स्वतःला नाही पटत, कारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या साक्षीदारांची उलटतपासणी मी घेऊ शकत नाही, पण दावा काय आहे तो तरी अख्खा घ्या.

उलट बाजूने पण त्यांच्याकडे सांगायला मसाला होता. जॉर्ज लमेत्र स्वतः कॅथलिक धर्मगुरू, विश्व प्रसरण पावतंय हे त्याने १९२७ मध्ये मांडलं. १९५१ मध्ये पोपनी भाषणात या थिअरीतून निघणाऱ्या विश्वारंभाचा संबंध बायबलच्या सुरुवातीच्या ‘प्रकाश होवो’ या शब्दांशी लावला तेव्हा खूष व्हायचं सोडून हाच माणूस नाराज, कारण उद्या थिअरी बदलली तर काय. हे सरांनी चहाच्या रांगेत सांगितलं, फळ्यावर नाही! वर्गात घेतलं असतं तर शेवटचा रविवार वाचला असता.

बाकी किरकोळ. माईक खरखरतो, पुढच्या तीन रांगांतच बसा. एक पंखा नुसता आवाज करतो. नोट्सची झेरॉक्स इतकी फिकी की पास्कालच्या पानावर १६५४ चं १६५१ वाचलं जातं, आयोजकांना सांगितलं तर म्हणाले पीडीएफ पाठवतो, अजून पाठवतायत. चहा मात्र चांगला, आलं घालून. पार्किंगच्या नादी लागू नका, नौपाड्यात रविवारी पण जागा नाही, ट्रेनने या आणि सुटल्यावर मामलेदारची मिसळ खा, तिखट मागवताना जरा विचार करा.

साडेतीन स्टार. फादर आणि सरांनी एकमेकांना टोकलं ते सगळे तास पाच स्टार, एकमेकांशी गोड बोलले तो तास एक. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणे. जाणार असाल तर शेवटच्या दिवशी चहाच्या आधी पौलाचा प्रश्न तुम्ही विचारा, मी विचारला तर वेळ संपली असं सांगितलं.