आरएक्स १०० दुसऱ्यांदा घेताना

यामाहाची आरएक्स १०० ही जुनी मोटरसायकल परत घ्यायला निघालेला माणूस गाडीजवळ गेला की आधी टाकीवरून हात फिरवतो. टाकीचा रंग, पट्टे, चमकणारं मडगार्ड, नवं सीट कव्हर बघून तो निम्मा विकला गेलेला असतो. विकणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. या गाडीवरचं सगळ्यात स्वस्त आणि सोपं काम म्हणजे रंगकाम, म्हणून ते सगळ्यात आधी होतं. आठवणीत बसलेली गाडी मात्र टाकीत नसते. ती असते बोअर (सिलिंडरची आतली पोकळी), रीड व्हॉल्व्ह (मिश्रण एकाच दिशेने आत सोडणाऱ्या पाकळ्या), सायलेन्सर आणि क्रँक (पिस्टनच्या ओढीने फिरणारा दांडा) या चार जागी, आणि आज ‘फुल रिस्टोअर’ म्हणून मिळणाऱ्या गाड्यांमध्ये नेमक्या याच चार जागी गडबड सापडते.

१९८५ च्या नोव्हेंबरात ही गाडी भारतात आली आणि १९९६ च्या मार्चमध्ये बंद झाली. एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात बनायची. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दर वर-खाली खेपेला पेट घेणारं) इंजिन, ५० मिमी बोअर आणि ५० मिमीच स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे ९८ सीसी. ७,५०० आरपीएमला ११ बीएचपी. त्या वेळच्या शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-साडेसातच्या आसपास होत्या आणि या गाडीचं वजन जेमतेम शंभर किलो. पिकअपचं गूढ म्हणतात ते एवढंच. त्यात रीड व्हॉल्व्ह असल्यामुळे क्रँककेसमध्ये ओढलेलं मिश्रण उलटं कार्बोरेटरकडे जात नाही, म्हणून खालच्या आरपीएमलाही गाडी मेल्यासारखी वाटत नाही. नुसत्या पिस्टन-पोर्टच्या, म्हणजे रीड नसलेल्या, टू-स्ट्रोक गाड्या खाली गळाठायच्या आणि वर गेल्या की एकदम उसळायच्या. ही आधीपासूनच ओढते.

आठवणी काय गाळतात तेही सांगायला हवं. दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आणि तेही गाडीच्या वेगाच्या मानाने कमीच. पावसात पाणी शिरलं की पहिले दोन-तीन दाब फुकट जातात. हेडलाइट थेट मॅग्नेटवर (इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागावर), त्यामुळे सिग्नलला थांबलात की दिव्याची मेणबत्ती होते. सेल्फ स्टार्ट नाही. ॲव्हरेज उजव्या मनगटावर, पस्तीस ते पंचेचाळीस. मागे बसणाऱ्याच्या कपड्यांना टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोकच्या वंगणाचा) वास लागतो तो वेगळाच. हे सगळं तेव्हाही होतं, फक्त वय वीस होतं.

गाडी बघायला जायचं तर थंड इंजिनावर. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर हेडच्या, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या, पातळ पट्ट्यांना हात लावून बघा. कोमट लागलं तर चहा घ्या, तासाभराने किक मारा. गरम टू-स्ट्रोक बहुतेक रोग लपवतो. थंड इंजिनाला चोक देऊन दोन-तीन किकमध्ये पेट घेतला पाहिजे. किक मारताना पायाला एका ठिकाणी स्पष्ट अडकल्यासारखं लागलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. लोण्यातून गेल्यासारखी खाली गेली तर रिंगा किंवा बोअर गेलेलं आहे, तिथे रंगाकडे बघूसुद्धा नका.

सुरुवातीचा धूर गरम होताना कमी झाला पाहिजे. निळसर पातळ धूर टू-स्ट्रोकला शोभतो. गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला तर संशय उजव्या बाजूच्या, म्हणजे क्लचकडच्या क्रँक ऑइल सीलवर. ते सील फाटलं की क्रँककेसच्या ओढीने गिअर ऑइल आत जातं आणि जळतं. ऑइल कुठेही गळताना दिसत नाही, पण गिअरबॉक्समधलं कमी होत जातं. डावीकडच्या, मॅग्नेटच्या बाजूच्या सीलचा रोग याहून वाईट. तिथून ऑइल नव्हे, हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, एक्सलेटर सोडला तरी रेस चढलेलीच राहते, इंजिन तापतं आणि एक दिवस चढावर पिस्टन जाम होतो. मेकॅनिक मग कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतो आणि खरा रोग मॅग्नेटच्या मागे राहतो. कार्बोरेटर आणि बोअरमधल्या रबरी मॅनिफोल्डला भेग पडली तरी हीच लक्षणं दिसतात. स्लोवर (एक्सलेटर न देता) चालू असताना तिथे थोडा स्प्रे मारला आणि रेस बदलली तर हवा तिथूनच जातेय. रीडच्या पाकळीचा कोपरा तुटला असेल तर सुरू व्हायला त्रास, स्लो अस्थिर आणि कार्बोरेटरच्या तोंडाशी पेट्रोल थुंकल्यासारखं दिसतं.

मग ऑइल पंप. या गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये कालवायचं नसतं. वेगळ्या टाकीतून पंप ते इंजिनाच्या रेसप्रमाणे आणि एक्सलेटरच्या ओढीप्रमाणे पुरवतो. एक्सलेटरची केबल पुढे दोन फाट्यांत जाते, एक कार्बोरेटरला आणि एक पंपाला. पंपाच्या चाकावरची खूण ठरलेल्या जागी जुळली पाहिजे. केबल बदलली, कार्बोरेटर मोठा बसवला आणि ही खूण कुणी पाहिलीच नाही, असं सर्रास होतं. मग स्लोवर सगळं ठीक आणि फुल एक्सलेटरला ऑइल अपुरं. कित्येक गाड्यांवर पंप काढूनच टाकलेला असतो. ‘पंपाचा भरवसा नसतो साहेब’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला सहसा पंपाची हवा काढायचा कंटाळा असतो, बाकी काही नाही. पंप आहे पण नळीत हवेचे बुडबुडे दिसताहेत, तर ब्लीड स्क्रू सैल करून सलग ऑइल येईपर्यंत हवा काढायची, आणि भरवसा बसेपर्यंत एक टाकी पेट्रोल लिटरला २० मिली ऑइल घालून चालवायची. पन्नास भाग पेट्रोलला एक भाग ऑइल म्हणतात ते हेच प्रमाण. पंप चालू असताना त्यात जन्मभर मिक्स पेट्रोल मात्र घालू नये. प्लग काळा, सायलेन्सर चोंदलेला आणि मागच्याच्या डोळ्यांत पाणी, एवढंच हाती लागतं.

‘बोअर-पिस्टन नवीन केलंय’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न: कितवं? मूळ बोअर ५०.०० मिमी. त्यानंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० अशी साइज वाढत जाते. १.०० च्या पिस्टनवर इंजिन १०२ सीसीचं झालेलं असतं आणि पुढच्या खेपेला नवा स्लीव्ह (सिलिंडरचं आतलं अस्तर) किंवा नवा सिलिंडर. सांगितलेली साइज पिस्टनच्या माथ्यावर कोरलेली असते. हेड उतरवायला फार वेळ लागत नाही, विकणारा खरा असेल तर हरकत घेणार नाही. हेड निघालंच आहे तर पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेला आहे का तेही बघून घ्यावं. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून बघायचा असेल तर सिलिंडरही काढावा लागतो. त्या दिशेने जराही ढिला लागला तर बिग-एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) गेलं, क्रँक उघडावा लागणार. बाजूला थोडा सरकतो ते चालतं, तेवढा त्याला सोडलेलाच असतो. नवशिके नेमके उलटे घाबरतात. काही गाड्यांवर आरएक्स १३५ चा बोअर-पिस्टन चढवलेला असतो. पळते झकास, पण कागदावर ९८ सीसी आणि खाली १३२, हा हिशेब पुढे कधीतरी द्यावा लागतो.

‘जपान इंजिन’ या शब्दांवर जास्तीचे पैसे मागितले जातात. पहिल्या खेपेच्या गाड्या जपानहून आलेल्या सुट्या भागांतून जोडल्या होत्या आणि नंतर हळूहळू इथले भाग वाढले, एवढं खरं. पण आज जपान म्हणून दाखवतात ती अनेकदा एखादी झाकणपट्टी किंवा नुसता शिक्का असतो. इंजिन नंबर आणि चासी नंबरचे आकडे एकाच वळणाचे, एकाच खोलीचे आहेत का, आजूबाजूला पॉलिश पेपर मारल्याच्या खुणा आहेत का, हे भिंगातून बघण्याला त्या शिक्क्यापेक्षा जास्त किंमत आहे. या गाड्या चोरीलाही खूप गेल्या आहेत.

सायलेन्सरबद्दल जरा रागानेच लिहावं लागतंय. आरएक्सचा तो धातूचा, कोरडा आवाज मूळ सायलेन्सरचाच आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर इंजिनाचाच भाग: परत येणारी दाबाची लाट ताजं मिश्रण बाहेर पळण्याआधी मागे ढकलते. आतलं बॅफल (आवाज दाबणारी नळी) काढून फेकलं की आवाज फाटतो, खालचा ओढा जातो आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी पळायला लागली. मूळ सायलेन्सर चोंदला असेल तर उपाय साधा आहे. शेपटाकडचा बोल्ट काढून बॅफल ओढायचं, त्यावरचं काजळ खरवडून किंवा जाळून काढायचं, आणि त्याच वेळी पिस्टन खाली नेऊन सिलिंडरच्या एक्झॉस्ट पोर्टवरची कार्बनची कडाही काढायची. पोर्ट तसाच ठेवला तर निम्मं काम झालं.

कागदपत्रं हा अर्धा सौदा आहे. शेवटची आरएक्स १०० सुद्धा पंधरा वर्षांची मुदत कधीच ओलांडून बसली आहे, म्हणून आरसीचं (नोंदणी प्रमाणपत्राचं) नूतनीकरण झालेलं आहे का ते पहिल्यांदा बघा. नसेल तर नमुना २५ चा नूतनीकरणाचा अर्ज, गाडीची प्रत्यक्ष तपासणी, आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर. नूतनीकरण मिळतं पाच वर्षांसाठी. नावावर करायला नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओतून आणायची असेल तर नमुना २८ ची एनओसी (ना हरकत). मूळ मालक हयात नाही आणि वारसांच्या सह्या नाहीत, अशा गाड्या स्वस्त मिळतात आणि तशाच दारात उभ्या राहतात. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी नंबरप्लेट लागते. ‘व्हिंटेजमध्ये पासिंग करून देतो’ म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा. २०२१ च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते, आरएक्सला अजून अवकाश आहे.

घेतल्यानंतरचा पहिला खर्च पेट्रोलच्या वाटेवर करावा. आजच्या पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरी टोकं फुगवतं, पाणी धरतं आणि टाकीला आतून गंज आणतं. शिवाय त्याच जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्रावर) मिश्रण थोडं पातळ होतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे तापणारा पिस्टन. नळ्या बदला, टाकी आतून बघा, आणि चार-पाच किलोमीटर सलग ओढून गाडी क्लच दाबून बंद करून प्लग काढा. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढराफटक असेल तर मेन जेट एक नंबर वाढवा. आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवावी.

नवं पिस्टन बसवलं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर अर्ध्याच्या वर एक्सलेटर नको आणि एकाच वेगावर लांब पल्लाही नको. घाटात उतरताना एक्सलेटर पूर्ण सोडून इंजिनावर गाडी रोखून धरायची फोर-स्ट्रोकची सवय इथे महागात पडते: एक्सलेटर बंद म्हणजे ऑइलही कमी आणि इंजिन मात्र जोरात फिरतंय. अधूनमधून क्लच दाबून एकदा रेस द्यायची.

रोज ऑफिसला जायला ही गाडी घेऊ नये, ब्रेक आणि दिवा दोन्ही आजच्या रस्त्याला पुरे पडत नाहीत. रविवारी सकाळी तासभर चालवायला घ्यायची तर रंग उडालेली, टाकीला पोचा आलेला, पण पंप, मूळ सायलेन्सर, ०.२५ च्या आतलं पिस्टन आणि चालू आरसी असलेली शोधावी. अशी सापडायला सहा महिने लागतात. रंग काय, आठ दिवसांत होतो.