पाच जातींचे बिचिर, आठ महिने: स्वभाव कळले, झाकण नडलं

बिचिर म्हणजे आफ्रिकेतले गोड्या पाण्यातले लांबट मासे; दोरीसारखा बारीक रोपफिश त्यांच्याच कुळातला. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझा रोपफिश टँकजवळच्या फरशीवर सापडला, सुकून कडक झालेला. झाकण बंद होतं, वर वजनही होतं. तरी गेला, म्हणून आधी झाकणाचंच लिहितो.

झाकण ४ मिमी अ‍ॅक्रिलिकचं. ‘काच जड पडते, हेच न्या’ असं सांगून दुकानदारानं दिलेलं. हिवाळ्यात सपाट बसायचं. नागपूरच्या एप्रिल-मेच्या हवेत मात्र शीटची खालची बाजू सतत ओली आणि वरची कोरडी राहते. ओली बाजू फुगते, शीट मधे खाली झुकते आणि कोपरे वर उचलतात. वजन मधोमध ठेवून काही उपयोग नाही. रोपफिश बोटाएवढाच जाड असतो, त्यामुळे डोकं मावलं की सगळा मासा बाहेर. रात्री तो काचेच्या वरच्या कडेला नाकाच्या नळ्या टेकवत सरकतो, फटीपाशी थांबतो, मागे जातो आणि परत त्याच जागी येतो. असं दिसलं की त्याच रात्री ती फट बुजवा.

आता ५ मिमी काचेचे दोन तुकडे सांगितलेत, कडा घासलेले. फिल्टरच्या पाइपाच्या खाचेत स्पंज घट्ट कोंबायचा. अ‍ॅक्रिलिकच ठेवायचं असेल तर दर आठवड्याला उलटं करा. झाकण हवाबंद नको आणि पाणी त्याच्या ३ इंच खाली हवं. बिचिरला फुप्फुसं असतात, वर येऊन हवा घेता आली नाही तर तो पाण्यातच गुदमरू शकतो. पाणी ३२ अंशांवर गेलं की लोक पंख्यासाठी झाकण काढतात, आणि मासे तेव्हाच जातात. झाकणाच्या एका भागात कडक प्लास्टिकची जाळी बसवून पंखा तिच्यावरून मारा. पाणी भराभर आटेल, पण नुसती भर घालत राहिलात तर क्षार साचतात. आठवड्याला २५ ते ३० टक्के पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधानं मारून.

आता पाचही जातींचे स्वभाव. सेनेगल बिचिर सगळ्यात फिरता. दिवसाही काचेपाशी येतो, हाताला लवकर सरावतो. पहिला बिचिर घ्यायचा तर हाच. ४ × १.५ × १.५ फुटांत एक-दोन नीट राहतात. डेल्हेझी पुढच्या परांवर रेलून लाकडावर तासन्‌तास बसतो, कुणाच्या वाटेला जात नाही. रोपफिश गरीब आणि सोबतीनं राहणारा, पण खाण्यात मागे पडतो; दांडग्या बिचिरांबरोबर ठेवला तर उपाशी राहतो. एंडलिकेरी दगडासारखा पडून असतो आणि जवळून गेलेला छोटा मासा एका झटक्यात ओढून घेतो. तोंडात मावेल ते त्याचं खाणं, त्यात राग नाही. तो अडीच फुटांपर्यंत जातो, म्हणून २ फुटांपेक्षा कमी रुंदीच्या टँकमध्ये ठेवूच नका.

ऑर्नेटबद्दल जानेवारीपर्यंत माझं मत वाईट होतं: दिवसभर दडतो, रात्री इतरांचे पर चावतो. ते मत मागे घेतो. चूक खाणं टाकण्याच्या पद्धतीत होती. बिचिरची नजर अधू, शिकार वासावर. एकाच कोपऱ्यात झिंगे टाकले की सगळे तिथे गोळा होतात आणि ज्याला वास लागलाय त्याचा चावा घेतात, मग तो झिंगा असो की शेजाऱ्याचा पर. आता दिवा मालवून अर्ध्या तासानं, लांब चिमट्यानं, दोन टोकांना एकाच वेळी देतो. सोललेले झिंगे, गांडूळ, बुडणारे पेलेट. मोठ्यांना आठवड्यातून तीनदा. महिन्याभरात चावे थांबले आणि तुटलेले पर पुन्हा आले. लाजरा मात्र तो आहेच. समोर दिसणारा मासा हवा असेल तर ऑर्नेट घेऊ नका.

एक तक्रार राहिली. डेल्हेझी म्हणून घेतलेलं ३ इंची पिल्लू एंडलिकेरी निघालं; दोघांच्याही अंगावर काळे पट्टे, त्यामुळे वरून बघून कळत नाही. दुकानात मासा काचेला समांतर येईपर्यंत थांबा आणि बाजूनं जबडा बघा. खालचा जबडा पुढे आला असेल तर तो एंडलिकेरीच्या गटातला. डेल्हेझी, सेनेगल, ऑर्नेट यांचा वरचा जबडा किंचित पुढे असतो. या एका चुकीपायी ६ × २ × २ चा टँक घ्यावा लागला, माशाच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे गेले, आणि दुकानदार ‘पिल्लात ओळखू येत नाही’ म्हणून मोकळा झाला. ओळखू येतं.

रोपफिश परत आणणार, पण तीन एकदम, आणि काचेचं झाकण बसल्यावरच.