‘डेट’ कमांड आणि चार सर्व्हर : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात बाणेरमधील आमच्या कार्यालयातून मी चार सर्व्हरांची देखभाल करतो आणि गेले आठ महिने त्यांवरील रात्रीच्या स्क्रिप्ट तारीख दाखवणाऱ्या आणि वाचणाऱ्या ‘डेट’ कमांडच्या (मुख्यतः ग्नू कोअरयुटिल्स या लिनक्सच्या मूलभूत कमांड-संचातल्या) भरवशावर चालतात. कमांड उत्तम आहे. मात्र तारीख लिहिताना ती लोकेलप्रमाणे, म्हणजे भाषा आणि देशाच्या सेटिंगप्रमाणे, वागू शकते आणि आकड्यांतली तारीख वाचताना लोकेलकडे पाहतही नाही, ही गोष्ट मला नुकसान झाल्यावर कळली.

पहिल्या सर्व्हरवरची स्क्रिप्ट रोजच्या अहवालात ‘टक्के एक्स’ (%x, म्हणजे लोकेलनुसार तारीख) या रूपात तारीख लिहीत असे आणि दुसऱ्यावरची स्क्रिप्ट ती ‘वजा डी’ (-d, म्हणजे दिलेली तारीख वाचण्याच्या) पर्यायाने वाचत असे. पहिल्याचे लोकेल ब्रिटिश इंग्रजी असल्यामुळे ५ मार्च ही तारीख ‘०५/०३’ अशी उतरे. ‘वजा डी’ मात्र तिरप्या रेघांची अशी तारीख महिना आधी धरून वाचते, त्यामुळे ती नोंद ३ मे म्हणून जमा होई. १२ तारखेपर्यंत कोणालाही शंका आली नाही. १३ तारखेला तेरावा महिना सापडेना, तेव्हा ‘इनव्हॅलिड डेट’ असा संदेश आला आणि ३ मार्च वगळता मागच्या अकरा दिवसांच्या नोंदी चुकीच्या महिन्यांत पडल्याचे उघड झाले.

सर्वाधिक वेळ गेला तो पुढच्या शोधात, कारण तीच स्क्रिप्ट मी स्वतः लॉगिन करून चालवली की तारीख बिनचूक येई आणि क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी स्क्रिप्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेतून, चालली की पुन्हा उलटी होई. डेबियन या लिनक्स प्रणालीवर एसएसएच (दुरून लॉगिन करण्याचे साधन) आपल्या लॅपटॉपचे लोकेल सर्व्हरपर्यंत सोबत नेते; माझ्या लॅपटॉपचे लोकेल अमेरिकी इंग्रजी होते, म्हणून माझ्या हातून केलेली प्रत्येक चाचणी यशस्वी होत होती. दोन्हीकडे ‘लोकेल’ ही कमांड चालवून उत्तरे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

हौसेने मी एका सर्व्हरवर मराठी लोकेलही लावून पाहिले. महिन्यांची नावे मराठीत उमटलेली पाहून फार बरे वाटले, परंतु तोच मजकूर ‘वजा डी’ला परत दिला तर तो स्वीकारला जात नाही, कारण वाचताना ही कमांड महिन्यांची इंग्रजी नावेच ओळखते.

अल्पाइन या लहान लिनक्स प्रणालीवरच्या सर्व्हरवर बिझीबॉक्स या आटोपशीर कमांड-संचाची ‘डेट’ असते आणि तिला ‘टू डेज अगो’ यांसारखे शब्द समजत नाहीत. तिथे आता १९७० पासूनचे सेकंद घेऊन त्यांतून दिवसाला ८६,४०० वजा करतो. सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असल्याने पुण्यातल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिथे आदल्या दिवसाची तारीख असते, हेही ध्यानात ठेवावे लागते. आमची रात्री दोनची स्क्रिप्ट त्यामुळेच कालची फाइल आजची समजत होती.

आता प्रत्येक स्क्रिप्टच्या आरंभी लोकेल ठरवणाऱ्या ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘सी’ (मूळ, सगळीकडे सारखे लोकेल) ठेवतो आणि तारीख ‘टक्के एफ’ने, म्हणजे वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातील क्रमाने लिहितो. ग्नू आणि बिझीबॉक्स दोघींनाही ती वाचता येते आणि फाइलींची नावे आपोआप कालक्रमाने लागतात. त्या अकरा दिवसांच्या नोंदी मूळ अहवालांच्या बदलवेळेशी ताडून दुरुस्त केल्या. त्यानंतरच्या पाच महिन्यांत एकही नोंद दुसऱ्या महिन्यात गेलेली नाही.