फ्रॅक्टलचं रूपांतर: मॅट्रिक्स सरळ मिसळायच्या की कोन वेगळा काढायचा?

फ्रॅक्टल म्हणजे स्वतःच्याच लहान प्रतींनी बनलेला आकार. प्रत्येक प्रत कशी वळवायची, लहान करायची आणि सरकवायची हे एक रूपांतर सांगतं; त्यातलं वळणं-लहान होणं आकड्यांच्या चौकटीत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडतात. एका फ्रॅक्टलमधून दुसरं उमलताना अॅनिमेशनमध्ये दाखवायचं, तर मधल्या फ्रेम काढायच्या दोन तऱ्हा. दोन्हीकडच्या मॅट्रिक्स सरळ मिसळायच्या, अर्ध्या वाटेवर सरासरी. नाहीतर त्यांतून कोन आणि प्रमाण वेगळं काढून तेच हळूहळू बदलायचं.

सरळ मिश्रण दोन ओळींत होतं. शिवाय टोकाच्या दोन्ही मॅट्रिक्स लांबी घटवणाऱ्या असतील तर मधलीही तशीच निघते, त्यामुळे चित्र पडद्याबाहेर उधळत नाही. मी बराच काळ त्यावर खूश होतो. मग हायवे ड्रॅगनवरून (Heighway या नावाचा, घड्यांचा वळणदार फ्रॅक्टल) लेव्हीच्या सी-वक्राकडे (C अक्षरासारखा दिसणारा फ्रॅक्टल) जायला निघालो आणि १२० पैकी ६०व्या फ्रेमला ड्रॅगन गायब! उरली फक्त आत आत वळत जाणारी सुट्या ठिपक्यांची रांग. दोन संध्याकाळी कोड उकरला. चूक तिथे नव्हतीच. दोन्ही वक्रांचं पहिलं रूपांतर एकच: ४५ अंश वळवा, १/√२ पट करा. दुसऱ्या रूपांतराचं प्रमाणही तेच, पण कोन ड्रॅगनमध्ये १३५ अंश आणि सी-वक्रात उणे ४५. फरक नेमका १८०, म्हणजे एक मॅट्रिक्स दुसरीची उणे. सरासरी काय येणार? शून्य. आधीच्या-नंतरच्या फ्रेममध्येही तो तुकडा आक्रसलेलाच दिसतो.

कोन वेगळा काढला की तोच तुकडा आकार न बदलता जागच्या जागी वळतो आणि ड्रॅगन उलगडत जातो. कटकट इथेही आहे. १८० अंशांना कुठल्या बाजूने वळायचं हे आपणच सांगावं लागतं, आणि तुकडा त्याच्या मध्यबिंदूभोवती वळवावा लागतो. नुसतं सरकवणं सरळ मिसळलं, तर तो वाटेत भरकटतो.

बार्न्सलीच्या नेच्याचं (नेच्याच्या पानासारख्या फ्रॅक्टलचं) मात्र वेगळं. त्याच्या चारपैकी एका रूपांतरात आरशासारखी उलटापालट आहे, देठाचं रूपांतर तर सगळं एका रेषेत चेपतं. सिअरपिन्स्की त्रिकोणातून (त्रिकोणात त्रिकोण असलेल्या, उलटापालट नसलेल्या फ्रॅक्टलमधून) तिथे जाताना कुठेतरी चपटं व्हावंच लागतं, मग सरळ मिश्रण काय वाईट? तुमचं काम तेवढंच असेल तर दुसऱ्या भानगडीत पडूही नका. वळणारे आकार असतील तर मी तरी कोनाकडेच जाईन.

आणि हो, ठिपके यादृच्छिक टाकत असाल तर प्रत्येक फ्रेमला तोच सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ठरवणारा सुरुवातीचा आकडा) द्या. नाहीतर पद्धत कुठलीही घ्या, पडद्यावर मुंग्या वळवळतात.