विधिकर्ते बोलवावेत की घरचंच माणूस उभं करावं?

भटजी नको, देव नको, लग्न आमराईत आणि रक्षा शेतातच, इथवर ज्यांचं ठरलंय त्यांच्यासाठी हे लिहितोय. नोंदणीचं काम सोपं. विशेष विवाह कायद्याची ३० दिवसांची नोटीस दिली की ते वेगळं उरकतं. घोडं अडतं ते माईकसमोर उभं कोण राहणार यावर.

धाकट्या भावाच्या लग्नात जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक पद्धतीचे विधिकर्ते होते, चळवळीतले ज्येष्ठ. १८७३ पासूनची परंपरा पाठीशी, त्यामुळे कुठे अडखळणं नाही. शपथा तोंडपाठ, अक्षतांऐवजी पाकळ्या, सगळं चोख. (कट्टर नास्तिकांनी एवढं ध्यानात घ्यावं, की फुल्यांनी भटजीसारखा मध्यस्थ नाकारला, 'निर्मिक' म्हणजे सृष्टीकर्ता मात्र नाकारला नाही.)

मला खटकलं ते भाषण. चांगलं पस्तीस मिनिटं! कन्यादान हा शब्दच कसा अपमानाचा, वगैरे. मुद्दा शंभर टक्के पटणारा. पण पुढच्याच रांगेत आजी बसली होती, जिचं कन्यादान झालेलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. शिवाय वहिनीचं नाव दोनदा चुकलं. त्यांचा स्वभाव असेल, सगळेच तसे नसतीलही. पण माझं तिथेच ठरलं.

माझ्या लग्नाला मावशी उभी राहिली. निवृत्त शिक्षिका. आधी दोन संध्याकाळ आम्हाला बसवून, कोण कशावरून चिडतं, आधी कोण बोलतं, सगळं वहीत उतरवून घेतलं. प्रत्यक्षात बोलली जेमतेम दहा मिनिटं. मध्येच वाऱ्याने कागद उडाले, वऱ्हाड ते गोळा करत फिरलं. पहिली पाकळी तिने आजीला टाकायला लावली.

वडील गेले तेव्हा मात्र मावशीला शब्द फुटेना. रक्षा आम्हीच खड्ड्यात ओतली, वर आंब्याचं रोप लावलं. पंधरा दिवसांत पानं करपली. शेवटी भावाच्या लग्नातल्या त्याच विधिकर्त्यांना फोन केला. "राखेत खार असतो. थोडीच घ्या, भरपूर माती-शेणखतात कालवा, खड्डा मोठा करा." बस, एवढंच. त्या दिवशी भाषण नव्हतं. आता तिथे छातीएवढं जांभूळ आहे.

म्हणून अंत्यविधीला अनुभवी माणूस हाताशी असलेलं बरं, हे मान्य. लग्नाला मात्र मी मावशीच म्हणेन. फक्त कागद पुठ्ठ्याला चिमटा लावून द्या.