फॉर्म्युला वनचा २०२४चा मोसम: वर्स्टॅपेन की नॉरिस?

या मोटार शर्यतींत त्या वर्षी सरस ड्रायव्हर कोण, धरमपेठेत तर्री-पोहे खाताना आमचा हा वाद हमखास रंगतो. आकडे सरळ आहेत: वर्स्टॅपेन ४३७ गुण, ९ विजय, नॉरिस ३७४ गुण, ४ विजय. पण नॉरिसनं नेदरलँड्समधल्या झांडवूर्टला, म्हणजे वर्स्टॅपेनच्या घरच्याच ट्रॅकवर, त्याला २२ सेकंदांनी मागे टाकलं होतं! मेक्सिकोत तर वर्स्टॅपेनची दांडगाई मलाही पटली नाही. दहा-दहा सेकंदांच्या दोन शिक्षा योग्यच होत्या.

तरी माझा पहिला नंबर वर्स्टॅपेनलाच. ब्राझीलचा पाऊस आठवा. नॉरिस पोलवरून, म्हणजे सगळ्यांत पुढच्या जागेवरून, निघून सहावा, हा सतराव्या जागेवरून पहिला. लाल झेंडा दाखवून शर्यत थांबवली, त्यामुळे वेळ न गमावता टायर फुकटात बदलता आले, मान्य. पण तोवर पाण्यातून वाट काढत दुसऱ्या क्रमांकावर कोण आलं होतं?